मला थांबवून तू गेलीस

इंदू,

तू गेल्याची बातमी मला कुठं कळावी? कापडाच्या दुकानात. मी ब्लाउजपीस बघत उभी होते आणि तुझा दोंडाईच्याचा भाचा बायकोला घेऊन आत आला. मला बघून वाकला, नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला कळलंच असेल. इंदूआत्या गेली."

मी म्हटलं, "आता कुठं गेली?"

खरंच असं विचारलं मी. तू गेलीस म्हटलं की मला आधी तुझं ते विमानानं जाणंच आठवतं. तो बिचारा गोंधळला. मग हळू आवाजात म्हणाला, "वारली, बाई. गेल्या आठवड्यात. रवीदादाचा फोन आला होता. तिकडंच सगळं आटोपलं." तेवढ्यात दुकानदारानं विचारलं, हाच रंग देऊ का. मी मान हलवली. घरी येऊन पुडकं सोडलं तर आत आकाशी रंगाचा तुकडा. माझ्याकडे त्या रंगाची एकही साडी नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, असं सगळे म्हणतात. शाळेतली जुनी मंडळी शोकसभा घ्यायचं म्हणताहेत, तिथं बोलतीलच चांगलं. इंदूबाईंचा भूगोल, इंदूबाईंचा खणखणीत आवाज, इंदूबाईंनी मुलींना अजिंठ्याला कसं नेलं. मी तिथं बोलणार नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि ते चारचौघांत भांडता येत नाही.

तुझं बोलणं काय ताकदीचं होतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. मी लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हा तू आमच्या गल्लीतच, समोरच्या माडीवर राहायचीस. माझं बी. एस्सी. झालेलं, पुढं बी. एड. करायची इच्छा, आणि सासूबाई म्हणजे साक्रीकडच्या मोठ्या शेतकऱ्याच्या लेक. त्यांच्यापुढं मी तोंडही उघडत नव्हते. एक दिवस तू सरळ येऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसलीस.

"मावशी, तुमच्या सुनेला गणित येतं. भाकरी येत नाही. घरात बसवलीत तर तुम्हीच उपाशी राहाल."

मला वाटलं, आता आभाळ कोसळतं. सासूबाईंनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्या हसायला लागल्या. "हाई पोर मोठी चावट शे," म्हणाल्या. त्यांनीच मग यांना सांगितलं की हिला शिकू दे. तू स्वतः शिकवत होतीस त्याच शाळेत मला चिकटवलंस. पुढची सगळी वर्षं आपण दोघी एका वेळी घरातून निघालो, एका वेळी परतलो. माझी नोकरी, माझं शाळेतलं नाव, चार माणसांत ताठ उभं राहणं, हे सगळं तुझ्या त्या एका वाक्यापासून सुरू झालं. ते मी नाकारत नाही. कधीच नाकारलं नाही.

म्हणून तर दुसऱ्या वेळीही मी तुझं ऐकलं.

देवपुरात सोसायटीचे प्लॉट निघाले तेव्हा आपण शेजारशेजारचे घेतले. बांधताना गवंड्यानं मधल्या भिंतीची आखणी केली तर तू चुन्याची रेघ पायानं पुसून टाकलीस. तुझे यजमान, नाना, म्हणाले, "अगं, हद्द तरी कळू दे." तू म्हणालीस, "कुणाला कळायला हवी?" मग माझ्या ओट्यावरून तुझ्या ओट्यावर चपला न घालता जायची सवय लागली. तुझा रवी आणि माझी नीलू एकाच अंगणात वाढले. रवी अमेरिकेला गेला, मागोमाग नीलू लग्न होऊन कॅनडाला गेली. त्या दिवशी आपण दोघी पांझरेच्या पुलावर गेलो होतो, आठवतं? खाली नदी कोरडी ठाक पडलेली. तू म्हणालीस, "चला, आपली वर्गातली पोरं पास होऊन गेली. आता आपण दोघीच उरलो." आणि दोघी हसलो. रडण्यासारखं होतं खरं, पण तू सोबत असलीस की रडू येत नसे.

मी निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत हे गेले. जेवताना पाटावरच कलंडले. सगळ्यांत आधी तू धावत आलीस. पुढचे कित्येक दिवस तू माझ्याकडेच झोपलीस, नानांना तिकडं एकट्यांना सोडून. मला आंघोळीला तू पाठवायचीस, माझ्या तोंडात घास तू घालायचीस. हेही मी नाकारत नाही.

मग नीलूचे फोन सुरू झाले. तिला दिवस गेले होते. ती म्हणायची, "आई, तिथं एकटी कशाला राहतेस? इकडं ये, कायमची ये. बाळाला आजी मिळेल, तुला माणसं मिळतील." जावईसुद्धा मनापासून बोलवत होते. त्यांनी तिकडच्या बाजूनं सगळी तयारी केली. मी पासपोर्ट काढला. जाड स्वेटर विणायला घेतला. खरं सांगते इंदू, यांच्या मागं पहिल्यांदाच मला सकाळी उठावंसं वाटत होतं.

तेव्हा तू आलीस. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिलीस आणि हाताची घडी घातलीस. वर्गात एखाद्या पोरीला उभं करायच्या आधी घालायचीस, तशीच.

"कमल, तू तिकडं काय म्हणून जाणार?"

"नीलूची आई म्हणून."

"आई नाही, आया. ती दोघं सकाळी कामावर जातील. तू पोराचं दूध गरम करशील, खिडकीतून बर्फ बघशील. तुला ना तिथली भाषा बोलता येणार, ना एकटीला दुकानात जाता येणार. इथं बाजारात निघालीस तर दहा बायका बाई म्हणून थांबतात. तिथं तू कोण?"

मी म्हटलं, "पण इथं तरी माझं कोण आहे आता?"

तुला राग आला. खराखुरा राग. तू म्हणालीस, "मी कोण आहे मग?"

तू जवळ आलीस, माझे दोन्ही हात धरलेस आणि म्हणालीस, "आपण दोघी मरेपर्यंत इथं आहोत. मी तुला सोडणार नाही. तूही मला सोडायचं नाहीस."

हे तुझे शब्द आहेत, माझे नाहीत.

त्या रविवारी मी नीलूला नाही म्हणून सांगितलं. ती आधी समजावत राहिली, मग रडली, मग म्हणाली, "आई, मी तुला बाळंतपणाला बोलावतेय आणि तू मैत्रिणीसाठी थांबतेस?" तिनं फोन ठेवला. नागपूरहून तिच्या सासूबाई गेल्या आणि तिथंच राहिल्या. नात झाली ती त्यांच्या मांडीवर वाढली. ती त्यांना आजी म्हणते आणि मला धुळ्याची आजी. नीलूचे फोन आधी महिन्यावर गेले, मग सणावर. तरी मी मनाशी म्हणत होते, ठीक आहे. इंदू आहे.

त्यानंतर दोनच वर्षांत नानांना मोतीबिंदू निघाला. मुंबईला दाखवायचं म्हणून तुम्ही दोघं निघालात. मी तुम्हाला वाटेसाठी दशम्या करून दिल्या. तुमच्या तुळशीला पाणी घातलं. परत आलात तर नानांच्या डोळ्यांवर ना पट्टी ना चष्मा. मी विचारलं तर तू म्हणालीस, "डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही." पुन्हा एकदा गेलात. पुन्हा मी दशम्या केल्या.

उन्हाळा होता. मी अंगणात खाटेवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होते. तुम्ही दोघं बँकेत गेला होतात. एक जीप येऊन थांबली. पागोटं घातलेला एक माणूस आणि डोक्यावरून पदर घेतलेली त्याची बायको उतरली आणि तुझ्या ओट्यावर चढली. तिनं दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. मी म्हटलं, "कोण पाहिजे? घरात कुणी नाही."

ती बाई आनंदात होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, आम्ही शिंदखेड्याकडना. हाई घर आम्हीन लिधं शे."

घर घेतलं? मला वाटलं, पत्ता चुकलाय. मी तिला तसं सांगितलंही. तर तिच्या नवऱ्यानं नानांचं नाव घेतलं आणि म्हणाला, "साहेब अमेरिकेला चाललेत ना कायमचे? तुम्ही शेजारी असून तुम्हाला माहीत नाही?"

मी आत निघून आले. बाहेर बिबड्यांवर कावळे उतरलेले दिसत होते. मी उठून हाकललेही नाहीत.

संध्याकाळी तू आलीस. तुला बघताच मला कळलं की तुला कळलंय. तू बसली नाहीस, मीही बस म्हटलं नाही.

"कमल, मी तुला सांगणारच होते."

"कधी? विमानात बसल्यावर?"

"रवी फार धरून बसला गं. नानांनाही आता झेपत नाही इथं. त्यांच्या छातीचं तुला माहीत आहे."

"मला डोळ्यांचं सांगितलंस तू. छातीचं नाही. आणि मुंबईला व्हिसासाठी जाताय, हेही नाही."

तू भिंतीकडे बघायला लागलीस. मग तू म्हणालीस, "तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. आणि तू नको म्हणाली असतीस तर मी गेले नसते."

लोकांना हे वाक्य गोड वाटेल. मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. म्हणजे अडवलं की माणूस अडतो, हे तुला पक्कं ठाऊक होतं. स्वतःला तू त्यातून वाचवलंस. मला मात्र अडवलंस.

मी तेच विचारलं. "आणि मला अडवलंस ते?"

तू म्हणालीस, "तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं."

एवढंच. ओट्याला टेकून तासन्‌तास बोललीस, माझ्या लेकीला माझ्यापासून तोडलंस, आणि उत्तर एवढंच. तेव्हा तसं वाटत होतं.

तुम्ही निघालात त्या दिवशी सगळी कॉलनी फाटकाशी जमली होती. हारतुरे झाले. तू माझ्या दाराशी आलीस, कडी वाजवलीस, "कमल, अगं कमल" अशा हाका मारल्यास. मी आत खुर्चीवर बसून होते. दार उघडलं नाही. पुढं पुष्कळ जणींनी मला बोल लावला, इतकी काय ती अढी. लावोत. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तशीच बसेन.

तरी तू फोन करत राहिलीस. पहिल्या वेळी मी आवाज ओळखून ठेवून दिला. दुसऱ्या वेळीही. मग दिवाळीच्या दिवशी आलेला घेतला, सणाचं कुणाचं मन मोडू नये म्हणून. तू बर्फाचं सांगायचीस, रवीच्या पोरांचं सांगायचीस. मी हं म्हणायचे. तू विचारायचीस, पाणी येतं का, भरताची वांगी आली का बाजारात. मी येतात म्हणायचे. नाना गेल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा मात्र मी खूप वेळ बोलले. नानांवर माझा राग नव्हता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तू आलीस. दोंडाईच्याला भाचीचं लग्न होतं. मला न विचारता रिक्षातून माझ्या दारात उतरलीस आणि म्हणालीस, "दार उघडं आहे की आजपण बंद?" या वयात तुला रस्त्यावर उभं ठेवणार होते का मी? आत घेतलं. शेजारची यमुनाबाई, तुझं घर घेतलेली तीच, तिनं तुरीच्या काड्यांवर वांगी भाजून आणून दिली. तुझ्यासाठी कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी केली. तू ओट्यावर बसून जेवलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मिरची खाल्लीस.

मी वाट बघत होते, इंदू. आज स्वच्छ लिहिते. मी वाट बघत होते की तू आता रडशील. म्हणशील, कमल, माझं चुकलं, तिथं माझं काही नाही, सून बोलत नाही, पोरं ओळखत नाहीत, नाना गेल्यापासून भिंतींशी बोलते. असं म्हणाली असतीस तर मी तुला त्याच क्षणी जवळ घेतलं असतं. सगळं विसरले असते. म्हटलं असतं, राहा इथंच माझ्याकडे.

तू पाणी पिऊन म्हणालीस, "कमल, मी पोहायला शिकले."

मला कळेचना.

"अगं खरंच. आमच्याजवळ एक तलाव आहे, बांधलेला, गरम पाण्याचा. म्हाताऱ्या बायकांचा वर्ग असतो सकाळी. एक चिनी, एक मेक्सिकोची, एक तिथलीच काळी बाई, आणि मी. कुणाची भाषा कुणाला धड येत नाही, पण काय हसतो आम्ही! पहिल्या दिवशी तो पोशाख घालून बाहेर यायला मला तास लागला. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते." तू हात हवेत मारून दाखवलेस. तुझा चेहरा कसा झाला होता, तुला सांगू? बी. एड.चा निकाल लागला तेव्हा माझा झाला होता तसा.

शनिवारी तू पोरांना मराठी शिकवतेस म्हणालीस. बस पकडून एकटी वाचनालयात जातेस. सून तुला बाई म्हणते, कारण तूच तिला तसं म्हणायला लावलंस. मी ऐकत होते. जे सगळं तिथं नसतं असं सांगून तू मला थांबवलंस, ते एकेक करून तुला तिथं मिळालं होतं. तू दुःखी असतीस तर तू चुकलीस एवढंच झालं असतं. तू सुखी होतीस. मग माझं काय झालं, ते मी कुणाला विचारायचं?

माझ्या चेहऱ्यावरून तुला अर्थ लागला असावा. हात धुऊन येऊन तू म्हणालीस, "अजून काय बिघडलंय? तूही जा. नीलू बोलावतेच ना."

मी म्हटलं, "नीलू आता बोलावत नाही."

तू पदराला हात पुसत होतीस. ते तुझे हात तसेच थांबले. त्यानंतर आपण लग्नाबद्दल बोललो, थंडीबद्दल बोललो. सकाळी तू दोंडाईच्याला गेलीस, तिथूनच परस्पर मुंबईला. मी बसस्टँडवर आले होते. तू खिडकीतून काहीतरी म्हणालीस. गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही आणि तू पुन्हा म्हणाली नाहीस.

त्यानंतर काही महिन्यांनी नीलूचा फोन आला. सण नव्हता, कुणी आजारी नव्हतं. "सहज केला," म्हणाली. मग दर रविवारी यायला लागला. नातीला फोनवर बोलावून बोलती करायची. मला वाटलं, नीलूला वय झालं तसं समजायला लागलं. मुलं मोठी झाली की आई आठवते, तसं असेल. मी काही विचारलं नाही. मिळतंय ते हातातून जाऊ नये म्हणून विचारलं नाही.

काल रविवार होता. मी तिला सांगितलं, "तुझी इंदूमावशी गेली." पलीकडे नीलू रडायला लागली. तुझ्यासाठी इतकी रडेल असं मला वाटलं नव्हतं. तिचा तर तुझ्यावर माझ्याहून जास्त राग असायला हवा.

म्हणाली, "आई, तुला कधी सांगितलं नाही. मावशीनं मला फोन केला होता. भारतातून परत आली तेव्हा. रवीकडून नंबर घेऊन."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझी आई यायला निघाली होती, मी तिला थांबवलं. नाना तेव्हा दिवसभर घरात चिडून असायचे, मला एकटीनं तिथं राहायची भीती वाटत होती, म्हणून थांबवलं. तुझ्या आईनं तुला टाकलं नाही, माझ्यासाठी अडकली, आणि मग मीच निघून गेले. तू माझ्यावर राग धर, तिच्यावर धरू नकोस. खूप रडत होती आई. मला म्हणाली, हे तिला सांगू नकोस, मी स्वतः सांगणार आहे."

स्वतः सांगणार होतीस! कधी, इंदू? पुन्हा तेच. माझ्या लेकीला सांगितलंस, परक्या देशात, फोनवर, रडून सांगितलंस. माझ्यासमोर भरीत खाल्लंस आणि पोहण्याच्या गोष्टी केल्यास. तू माझी लेक मला परत दिलीस, ते मला कळलं. त्यासाठी मी तुझी ऋणी आहे, हे लिहितानाही हात अडतो पण लिहिते. मात्र जे माझ्याशी बोलायचं होतं ते माझ्याशी बोलायचं होतं. त्याच्याबदली दुसरं काही चालत नाही.

नीलू म्हणाली, "आई, येतेस का? कायमची ये म्हणत नाही. तुला राहावंसं वाटेल तितकं राहा."

मी हो म्हटलं. कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही.

फोन ठेवला आणि काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी घराच्या मधोमध उभी राहून ओरडले. "इंदे!" असं. लहानपणी पोरी एकमेकींना मारतात तशी हाक. मग पुन्हा ओरडले. तू मेल्याचं कळून इतके दिवस झाले होते, मी स्वयंपाक केला होता, केस विंचरले होते, पेपर वाचला होता. डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता मला भिंत धरून खाली बसावं लागलं.

यमुनाबाई पिठाच्या हातांनी धावत आली. "काय व्हयनं, बाई? कोन वारलं का?"

तिला तुझं नाव सांगता आलं असतं. तू तिच्या घराची जुनी मालकीण, ती तुला ओळखते. या गल्लीत, या शाळेत, सगळ्या धुळ्यात मी कित्येक वर्षं तुझं नाव आलं की विषय बदलला. कुणी विचारलं, तुमची मैत्रीण कशी आहे, तर म्हणायचे, कोण? अच्छा, ती शेजारीण. बरी असेल.

मी यमुनाबाईचा हात धरला आणि म्हटलं, "माझी मैत्रीण वारली."